पार्श्वभूमी : फडात यंत्र आले, पाचटाचा हिशेब अजून बाकी

कोल्हापुरात कृषी अभियंते कार्यशाळेसाठी किंवा संघटनेच्या बैठकीसाठी जमतात, तेव्हा नुसती विषयपत्रिका वाचली तरी वारे कुठल्या दिशेने वाहते आहे ते कळते. पंप, पाइपलाइन, ठिबक, निचरा हे एकेकाळचे वरचे विषय. आता पहिल्या ओळीत ऊसतोडणी यंत्र असते. त्याखाली ड्रोन, अवजारे भाड्याने देणाऱ्या अवजार बँका आणि शेवटी कृषी अभियंत्यांची पदभरती. पुढच्या कार्यक्रमांचे विषयही याच क्रमाने ठरतात. हा क्रम एका हंगामात बदललेला नाही आणि त्यामागची गोष्ट केवळ यंत्राचीही नाही. यंत्राने तोडलेल्या उसाबरोबर गाडीत जाणाऱ्या पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या, वजनाचा वादही तिच्यात आहे.

जुना भाग थोडक्यात. या भागातली शेती आणि यंत्र यांची सोयरीक संस्थानकाळातली. गुळाच्या व्यापारासाठी १८९५ साली शाहूपुरी वसली. शेजारी किर्लोस्करवाडीत १९१० पासून लोखंडी नांगर तयार होऊ लागले. पुढे उद्यमनगरातल्या फौंड्रीतून ऑइल इंजिने आणि उसाचे चरक बाहेर पडले, ते राज्यभर गेले. पावसाळ्यानंतर बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालायचे आणि पुढच्या पावसाळ्याआधी ते काढून घ्यायचे, ही बंधाऱ्याची पद्धत इथली म्हणून राज्यात ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ हेच नाव पडले. नदीकाठची इंजिने, मग विजेच्या मोटारी आणि मग सहकारी पाणीपुरवठा संस्था यांनी पाणी माळावर चढवले आणि ऊस वाढला. यातले बरेच काम मिस्त्री, फिटर आणि हुशार शेतकऱ्यांनी केले. पदवीधर अभियंता नंतर आला.

कृषी अभियांत्रिकीच्या पदवीचा इतिहासही फार लांबचा नाही. अलाहाबादला १९४२ मध्ये आणि खरगपूरला १९५२ मध्ये हे शिक्षण सुरू झाले. देशपातळीवरची व्यावसायिक संघटना १९६० ची. राहुरीचे कृषी विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या मुलांना ही वाट जवळची झाली. कोल्हापूर जिल्ह्यात आता तळसंदे इथे हे शिक्षण मिळते.

खरा बदल गेल्या तीस वर्षांतला. बैलजोडी दावणीतून गेली. नांगरट ट्रॅक्टरकडे, सरी सोडणे ट्रॅक्टरकडे, खोडव्याच्या (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या पिकाच्या) बगला फोडणे पॉवर टिलरकडे, भरणी छोट्या ट्रॅक्टरकडे गेली. रोटर तर गल्लोगल्ली भाड्याने मिळू लागला. केंद्राचे यांत्रिकीकरण अभियान २०१४-१५ मध्ये सुरू झाले आणि अवजार बँका उभ्या राहिल्या. लावणीपासून भरणीपर्यंतची कामे अशी यंत्राकडे गेली, तोडणी तेवढी कोयत्यावर राहिली. ती का राहिली, हे ऊसपट्ट्यात राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. तोडणी मजुरांच्या टोळ्या होत्या, त्या आणणारे मुकादम होते, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेऊन माणसे येत होती.

मग ही घडी विस्कटली. उचल घेऊन टोळी न आल्याने बुडालेले वाहतूकदार जिल्ह्यात जवळजवळ गावागावांत आहेत. मजुरांची पुढची पिढी कोयता हातात घ्यायला तयार नाही आणि तिने का घ्यावा, हाही प्रश्न आहे. कडाक्याच्या थंडीत पालात राहून नवरा-बायकोची जोडी दिवसभर राबून दीड-दोन टन ऊस तोडते, मोळ्या बांधते आणि रात्री गाडी भरते. या कष्टातून माणसाची सुटका व्हावी, हे कृषी अभियांत्रिकीचे पहिले काम आहे असे मला वाटते. दुसऱ्या बाजूला शेतकऱ्याचे हाल होते. पाळी आली तरी टोळी मिळत नाही, चिटबॉय म्हणजे तोडणीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसामागे फिरायचे आणि वर टोळीला खुशाली, म्हणजे वरचे पैसे, मोजायचे. यंत्राची मागणी या दोन्ही त्रासांतून आली.

दिवसाला शंभर टनांच्या पुढे ऊस तोडणारे मोठे यंत्र कोटीच्या घरात जाते. एकट्यादुकट्याला ते परवडत नाही. म्हणून राज्याने २०२३ मध्ये ९०० यंत्रांसाठी अनुदान योजना आणली. किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांतली जी रक्कम कमी असेल ती मिळणार होती. त्यानंतर फडात यंत्रे दिसू लागली आणि त्यांच्याबरोबर एक वाद घट्ट होत गेला. तो आहे पाचट वजावटीचा, आणि या टिपणाचे मुख्य कारणही तोच आहे.

यंत्र कसे काम करते ते आधी पाहू, कारण वादाची मुळे तिथेच आहेत. पुढचा टॉपर वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, कापतो. खालचे पाते बुडखा जमिनीलगत छाटते. रोलर ऊस आत ओढतात, आतली पाती त्याच्या वीतभर कांड्या करतात आणि वर बसवलेला मोठा पंखा पाला बाहेर फेकतो. कांड्या पट्ट्यावरून चढून शेजारून चालणाऱ्या इनफिल्डर या ट्रॉलीत पडतात. पंखा कितीही जोरात फिरवला तरी सगळा पाला निघत नाही. काही पाला, थोडे वाढे आणि थोडी माती कांड्यांबरोबर गाडीत जाते आणि काट्यावर त्यांचेही वजन होते. उसाचे पैसे उसाचेच द्यायचे, म्हणून कारखाने यंत्राने तोडलेल्या उसाच्या वजनातून काही टक्के कमी धरतात. हा आकडा पाच टक्क्यांच्या आसपास राहिला. शेतकरी संघटनांना तो फार जास्त वाटतो. पाल्याने चोथा वाढतो, रसाची प्रत उतरते, मग हा भार आम्ही का सोसायचा, असे कारखाने म्हणतात.

आकड्याचा अर्थ शेतकऱ्याच्या बाजूने मांडून पाहू. वीस गुंठ्यांत २५ टन ऊस निघाला आणि पाच टक्के वजावट झाली, तर सव्वा टन गेला. दर टनाला ३,००० रुपये धरला तरी ३,७५० रुपये झाले. लहान खातेदाराला ही रक्कम लहान नाही. हेच पैसे टोळीला खुशाली म्हणून गेले असते, असा युक्तिवाद काही जण करतात. तो मला पटत नाही. एका अन्यायाचे माप दुसऱ्या अन्यायाने काढायचे नसते.

तांत्रिक बाजूने अडचण अशी आहे की टक्का एक आणि रान वेगवेगळे. सकाळी दव असताना पाला ओला आणि जड असतो, पंख्याने नीट उडत नाही. दुपारी तोच पाला सहज निघतो. सरळ उभ्या उसात टॉपर वाढे नीट कापतो, पडलेल्या उसात तो त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. उसाच्या वाणानुसार पाचट सुटण्याचा गुण वेगळा. पाते जमिनीपासून किती उंचीवर ठेवले यावर मातीचे प्रमाण ठरते. चालक निष्णात असेल तर फरक पडतो आणि पाती बोथट असतील तर तोही पडतो. इतक्या गोष्टींवर अवलंबून असलेली बाब एका ठरीव टक्क्यात कोंबली, तर स्वच्छ ऊस देणारा शेतकरी घाणेरड्या गाडीची भरपाई करतो.

याहून महत्त्वाची गोष्ट पंख्याची आहे आणि ती सार्वजनिक चर्चेत फारशी येत नाही. पंख्याचा वेग वाढवला की पाला कमी होतो, पण पाल्याबरोबर कांड्याही बाहेर उडतात आणि शेतात विखुरतात. वेग कमी केला की कांड्या वाचतात आणि गाडीत पाला वाढतो. म्हणजे वजावट कमी दिसावी म्हणून वेग वाढवला तर नुकसान काट्यावर दिसत नाही, ते रानात पडून राहते. पाचट किती कमी झाले एवढेच विचारून भागत नाही. रानात किती ऊस राहिला, हे त्याच वेळी मोजावे लागते. ही दोन मापे एकत्र घेतल्याशिवाय कुठलाही टक्का न्याय्य म्हणता येणार नाही.

मोजणे अशक्य आहे का? अजिबात नाही. गाडीतून नमुना घ्यायचा, त्यातला निव्वळ ऊस, पाला, वाढे आणि माती वेगळी करायची, वजने घ्यायची. ब्राझील आणि ऑस्ट्रेलियात उसाचे पैसे नमुन्याच्या तपासणीवर ठरतात. आपल्याकडे दिवसाला हजारो टन गाळणाऱ्या कारखान्याच्या गव्हाणीवर, म्हणजे ऊस गाळपाला टाकतात तिथे, प्रत्येक गाडीचा नमुना घेणे अवघड जाईल, हे मान्य. पण गावनिहाय, वाणनिहाय, सकाळ-दुपार असे नमुने घेऊन टप्पे ठरवता येतात. हा वाद मांडला जातो तो कारखाना आणि शेतकरी संघटना यांच्यात. यंत्राचा पंखा, पात्याची उंची, सरीचे अंतर यांचा अभ्यास केलेल्याला त्या टेबलावर जागा क्वचितच मिळते. कृषी अभियंत्यांच्या कार्यक्रमांत हा विषय पुन्हा पुन्हा येतो त्याचे कारण हेच आहे, आणि तो आलाच पाहिजे.

हाताने तोडलेला ऊस शंभर टक्के स्वच्छ असतो असेही नाही. मोळी वाढ्याने बांधतात, बुडख्याला माती असते, घाईच्या दिवसांत पाला तसाच राहतो. फक्त तिथे डोळ्याला ढीग दिसत नाही. उलट यंत्राच्या कांड्या टिकायला कमजोर. तोंडे उघडी असल्याने साखर लवकर उतरते आणि चोवीस तासांच्या आत गाळप झाले नाही तर नुकसान होते. गाडी काट्यासमोर ताटकळली तर वजन घटते, तो दोष यंत्राचा नाही.

जमिनीची अडचण वेगळी. शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांतली सपाट, लांब रानाची जमीन यंत्राला मानवते. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडे उतार, ताली (बांध) आणि चिंचोळे तुकडे आहेत. तिथे मोठे यंत्र वळायलाही जागा नाही. जिल्ह्यातले बहुतांश खातेदार एक हेक्टरच्या आतले आहेत. त्यांच्यासाठी लहान यंत्र हवे, आणि चांगले लहान यंत्र ही अजून न सुटलेली गरज आहे. त्यात सरीचे अंतर आले. जुनी तीन फुटी सरी यंत्राला चालत नाही, चार ते पाच फूट लागते. सरी रुंद केली तर उत्पादन घटेल, ही भीती बरीच वर्षे होती. रुंद सरीत हवा आणि ऊन खेळते, फुटवे जगतात आणि उत्पादन टिकते, हे ज्यांनी करून पाहिले त्यांच्या रानात दिसते.

वाढ्यांचा प्रश्न शहरातल्या चर्चेत हरवतो. हंगामाचे चार-पाच महिने या जिल्ह्यातल्या जनावरांच्या ओल्या चाऱ्याचा मोठा भाग वाढ्यातून येतो. यंत्र वाढ्याचे तुकडे करून रानात टाकते. जमिनीला ते चांगलेच आहे, पाचट कुजले की सेंद्रिय कर्ब वाढतो. पण ज्या घरात दोन म्हशी आहेत आणि दुधाच्या बिलावर आठवडा चालतो, त्या घरात यंत्राला नकार मिळतो तो याच कारणाने. यंत्राच्या प्रसाराचा कुठलाही आराखडा चाऱ्याचे उत्तर दिल्याशिवाय इथे चालणार नाही.

आता पदांचा प्रश्न, ज्यावर बैठकांमध्ये आवाज चढतात. जमीन सपाटीकरण, नालाबांध, शेततळी ही कामे वर्षानुवर्षे कृषी खात्यातून होत होती. २०१७ मध्ये मृद व जलसंधारणाचा स्वतंत्र विभाग झाला आणि पदे तिकडे वर्ग करण्यावरून मोठा वाद झाला. दोन्ही बाजूंना आपले म्हणणे खरे वाटत होते. पण मृद व जलसंधारण हाच ज्याच्या पदवीचा कणा, तो कृषी अभियंता या ओढाताणीत कुठल्याच बाजूला मोजला गेला नाही. २०२३ च्या सुरुवातीला राहुरीत विद्यार्थी आंदोलनाला बसले. कृषी सेवेच्या परीक्षेच्या बदललेल्या अभ्यासक्रमात त्यांच्या विषयाला मिळालेली जागा तुटपुंजी होती. तमिळनाडू आणि मध्य प्रदेशात कृषी अभियांत्रिकीची वेगळी शासकीय यंत्रणा आहे. महाराष्ट्रात तशी असावी, ही मागणी तेव्हापासून अधिक जोर धरते आहे. तिचा पाचटाच्या वादाशी संबंध आहे. तालुक्याला यंत्र जाणणारा शासकीय माणूस असता, तर नमुना घेणारा तटस्थ हात कुणाचा, हा प्रश्न उरला नसता.

निचऱ्याचे काम मात्र शांतपणे पुढे गेले आहे. शिरोळ तालुक्यात पाण्याच्या अतिवापराने पांढऱ्या पडलेल्या जमिनीत सच्छिद्र पाइप गाडून खारे पाणी ओढ्यात काढण्याची सामुदायिक कामे झाली. पडीक राने पुन्हा लागवडीखाली आली. एका शेतकऱ्याने पाइप गाडून भागत नाही, खालच्या शेजाऱ्याने वाट द्यावी लागते. तिथे ती दिली गेली. या यशाला चर्चासत्रांत मिळते त्याहून जास्त जागा मिळायला हवी. ड्रोनचे तसे नाही, त्याचा गाजावाजा भरपूर आहे. डोक्याच्या वर गेलेल्या उसात फवारणीला तो खरोखर उपयोगी पडतो, पण भाड्याचा हिशेब अजून स्थिर व्हायचा आहे.

यापुढच्या कार्यक्रमांना वेळेचे एक बंधन आहे. आडसाली लावण जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि तो ऊस तोडायला दीड वर्षाच्या आसपास लागते. सरी किती फुटी सोडायची, शेताच्या टोकाला यंत्र वळायला जागा ठेवायची का, हे नांगरटीच्या वेळीच ठरते. सरी सुटल्यावर दिलेला सल्ला लावणीला तर नाहीच, खोडव्यालाही उपयोगाचा नाही, कारण तोही त्याच सरीत उभा राहतो. म्हणून सरीचे मार्गदर्शन मे महिन्याआधी गावात पोचायला हवे. नमुना तपासणीच्या चाचण्या मात्र गाळप चालू असतानाच, म्हणजे थंडीत, फडात आणि काट्यावर घ्याव्या लागतील.