फाटा आणि पाटा : २०१८ मध्ये विलीन नेमके कोण झाले?

पाकिस्तानच्या २५व्या घटनादुरुस्तीने ‘फाटा आणि पाटा हे आदिवासी भाग खैबर पख्तुनख्वा प्रांतात विलीन झाले’ असे सरसकट लिहिले जाते. ते निम्मेच खरे आहे. २०१८ मध्ये प्रांतात आला तो फाटा, म्हणजे केंद्रशासित आदिवासी क्षेत्र. पाटा, म्हणजे प्रांतशासित आदिवासी क्षेत्र, आधीपासून प्रांतातच होते; त्याचा गेला तो केवळ वेगळा कायदेशीर दर्जा.

बाजौर, मोहमंद, खैबर, ओरकझाई, कुर्रम, उत्तर आणि दक्षिण वझिरिस्तान या सात एजन्सी (जिल्ह्यासारखे प्रशासकीय विभाग) आणि त्यांना लागून असलेले सहा सरहद्दी पट्टे मिळून फाटा होत असे. पाटात मोडणारी स्वात, दीर आणि चित्राल ही मात्र १९६९ मध्ये खालसा झालेली संस्थाने. पाटाचे झोबसारखे काही भाग बलुचिस्तानातही होते, हे बहुतेक लेखांतून निसटते.

गोंधळाचे मूळ राज्यघटनेच्या कलम २४७ मध्ये आहे. संसदेचा कायदा या दोन्ही क्षेत्रांना आपोआप लागू होत नसे; फाटासाठी राष्ट्रपतींचा आदेश लागे, तर पाटासाठी राष्ट्रपतींच्या संमतीने गव्हर्नरचा. आपल्याकडे गडचिरोलीचा काही भाग ज्या पाचव्या अनुसूचीखाली येतो, तिच्यात राज्यपाल एखादा कायदा रोखू शकतात, पण तोवर तो लागूच असतो. तिकडे नियम नेमका उलटा होता.

कलम एकच असले तरी जगणे एक नव्हते. फाटात १९०१ चे ब्रिटिशकालीन सरहद्द गुन्हे नियमन चालू होते. पोलिटिकल एजंट प्रशासक आणि न्यायाधीश दोन्ही असे, आणि सामूहिक जबाबदारीच्या तरतुदीमुळे एकाने केलेल्या गुन्ह्यापायी साऱ्या टोळीची माणसे पकडली जात, दुकानांना टाळे लागे, प्रसंगी घरेही पाडली जात. ‘ना अपील, ना वकील, ना दलील’ असे तिथले लोक या कायद्याविषयी म्हणत. २०११ मध्ये स्त्रिया, मुले आणि वृद्धांना त्यातून वगळले गेले, तरी चौकट तीच राहिली.

पाटात न्यायालयाचे दार उघडे होते, कारण १९७३ च्या कायद्याने उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाची अधिकारकक्षा तेथवर नेली होती. म्हणूनच पाटातल्या मलाकंड भागात लागू केलेले १९७५ चे विशेष नियम पेशावर उच्च न्यायालय १९९० मध्ये घटनाबाह्य ठरवू शकले आणि १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. त्यातून निर्माण झालेल्या पोकळीत धर्मगुरू सूफी मुहम्मद यांच्या शरियत चळवळीने जोर धरला, ही या निकालाची कडू बाजू. पण असा निकाल फाटात लागणेच शक्य नव्हते.

प्रतिनिधित्वातही तीच तफावत होती. पाटाचे आमदार पेशावरच्या विधानसभेत बसत. फाटाला तिथे एकही जागा नव्हती. राष्ट्रीय असेंब्लीत १२ आणि सिनेटमध्ये ८ सदस्य होते खरे, पण ते उरलेल्या देशासाठी कायदे करत आणि तेच कायदे त्यांच्या मतदारांना लागू नसत. याहून विचित्र लोकप्रतिनिधित्व शोधून सापडणे कठीण.

घटनादुरुस्तीची वाटही हा फरक दाखवते. २४ आणि २५ मे २०१८ रोजी दोन्ही सभागृहांची मंजुरी मिळाल्यावर २७ मे रोजी खैबर पख्तुनख्वाच्या विधानसभेनेही दोन-तृतीयांश बहुमताने ती संमत केली, कारण प्रांताची सीमा बदलणार होती. ती बदलली फाटामुळे. पाटामुळे नकाशावरची एकही रेघ हलली नाही. ३१ मे रोजी राष्ट्रपती ममनून हुसैन यांनी स्वाक्षरी केली.

पुढे एजन्सींचे जिल्हे झाले, पोलिटिकल एजंटांच्या जागी डेप्युटी कमिशनर आले, खासादार आणि लेव्हीज ही स्थानिक सुरक्षा दले प्रांताच्या पोलिसांत सामावली गेली आणि जुलै २०१९ मध्ये तिथे विधानसभेच्या १६ जागांसाठी प्रथमच मतदान झाले. पाटाला यातले काही नव्याने मिळण्यासारखे नव्हते. तिथला प्रश्न होता कराचा : विशेष दर्जाबरोबर करमाफीही जाणार म्हणून मलाकंडमधील व्यापाऱ्यांनी विरोध केला, आणि मग दोन्ही क्षेत्रांना सुरुवातीला जून २०२३ पर्यंत करसवलत देण्यात आली.