केएलएच ते क्यूएनएच

कोल्हापूरच्या विमानाचे तिकीट काढले की त्यावर 'केएलएच' छापलेले असते, बॅगेच्या चिठ्ठीवरही तेच. ही तीन अक्षरे प्रवाशांसाठी. वैमानिकाच्या कागदांत कोल्हापूरचा हाच उजळाईवाडीचा विमानतळ 'व्हीएकेपी' असतो. त्यातला 'व्ही' दक्षिण आशिया आणि आसपासच्या देशांचा, 'ए' पश्चिम भारताचा. मुंबईसुद्धा म्हणूनच 'व्हीएबीबी', तर दिल्ली 'व्हीआयडीपी'. पत्राच्या पिनकोडसारखेच हे, पहिल्या अक्षरांवरूनच मुलूख कळतो.

पण समजून घ्यावेच असे लघुरूप म्हणजे 'क्यूएनएच'. याची फोड शोधत बसू नका, ती नाहीच. तारायंत्राच्या काळात लांबलचक वाक्ये टिकटिकवण्याऐवजी 'क्यू'ने सुरू होणारी तीन अक्षरे ठरवली गेली. तीन अक्षरांत एक अख्खा प्रश्न मावायचा. तारायंत्र गेले, ही अक्षरे विमानांत राहिली.

विमानातले नेहमीचे उंचीमापक खरे तर हवेचा दाब मोजते. वर जावे तसा दाब घटतो, त्यावरून ते उंची दाखवते. अडचण अशी, की दाब हवामानानेही बदलतो. म्हणून विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्यावरून वैमानिकाला समुद्रसपाटीच्या हिशेबातला त्या वेळचा दाब हेक्टोपास्कल या एककात सांगतात, 'क्यूएनएच १००३' असा. वैमानिक तो आकडा उंचीमापकावर लावतो आणि मनोऱ्याला परत म्हणून दाखवतो. हे परत म्हणणे सक्तीचे आहे, आणि ते योग्यच आहे. आकडा बरोबर लागला, तर उजळाईवाडीच्या धावपट्टीवर उभ्या विमानाचा काटा शून्यावर नसतो. तो सुमारे २,००० फुटांवर असतो, कारण आपले पठारच समुद्रापासून तेवढे उंच आहे.

आता समजा, पावसाळ्यात दाब १००३ असताना उंचीमापकावर १०१३ हाच आकडा लावलेला राहिला. एका हेक्टोपास्कलला साधारण २७ फूट धरले, तर काटा पावणेतीनशे फूट जास्त दाखवणार. म्हणजे विमान वैमानिकाच्या समजुतीपेक्षा तेवढे खाली. ढगांत पन्हाळ्याकडचे डोंगर दिसत नसताना ही चूक जिवावर बेतू शकते.

हवामानाच्या निरोपातली अक्षरे त्यामानाने सोपी. 'आरए' पाऊस, 'एफजी' म्हणजे १,००० मीटरच्या पलीकडचे दिसणे बंद करणारे दाट धुके. विरळ धुक्याला 'बीआर', तो फ्रेंच 'ब्रूम' शब्दावरून आला. शेवटी 'झेड' दिसला, तर ती ग्रिनिचची वेळ. तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. '०२३० झेड' लिहिले असेल, तेव्हा उजळाईवाडीत सकाळचे आठ वाजलेले असतात.