लेकरू बोलून नाही राहिलं? स्पीच थेरपीला यायच्या आधी हे वाचून घ्या

नमस्कार. आमचं सेंटर लहान आहे, तालुक्याच्या गावात दोन खोल्या, पण लेकरं आजूबाजूच्या पन्नास-साठ गावांतून येतात अन् पहिल्या दिवशी सगळे आईवडील जवळपास तेच प्रश्न विचारतात, म्हणून हा कागद काढला. घरी न्या, आजीलाही वाचून दाखवा.

लेकरू दोन-अडीच वर्षांचं झालं तरी बोलत नाही म्हटलं की घरचे म्हणतात थांबा, त्याचा बापही उशिराच बोलला होता. काही लेकरं खरंच उशिरा बोलतात अन् मागून बरोबरीला येतात. पण कोणतं येईल अन् कोणतं नाही हे नुसतं पाहून आम्हालाही सांगता येत नाही, म्हणून वाट पाहायची तर तपासून मग वाट पाहा. साधारण अंदाज असा की वर्षाचं लेकरू एखाद-दोन शब्द बोलते, दोन वर्षांचं पन्नासेक शब्द बोलते अन् दोन शब्द जोडते, "माय पानी", "बावा गेला" असं, अन् तीन वर्षांच्या लेकराचं बरंचसं बोलणं बाहेरच्या माणसालाही समजते. दीड वर्षाचं लेकरू बोट दाखवून काही मागत नसंल, नावानं हाक मारल्यावर पाहत नसंल, किंवा आधी बोलत होतं ते शब्दच बंद झाले, तर एक दिवसही थांबू नका.

पहिले कान तपासा. आईवडील म्हणतात त्याला ऐकू येते, ताट वाजवलं की वळतो, ट्रॅक्टर आला की पळत बाहेर जातो. पण ताट अन् ट्रॅक्टर मोठे आवाज आहेत, "स", "श", "फ" हे बारीक आवाज निसटत असतील तर लेकराला अर्धवट बोलणं ऐकू येते अन् ते तसंच शिकते. वारंवार सर्दी होत असंल, कान वाहत असंल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा. लहान लेकराला ऐकू येते का हे मशीनवर पाहायची बेरा टेस्ट आमच्याकडे होत नाही, त्याच्यासाठी आम्ही चिठ्ठी देऊन मोठ्या दवाखान्यात पाठवतो. लेकरू झोपेत असताना डोक्याला छोटे तार लावून करतात, दुखत नाही.

जीभ जड आहे म्हणून वेखंड उगाळून लावणं, जिभेखालची दोरी कापून आणणं, हे करून मग लोक आमच्याकडे येतात. दोरी आखूड असली तर काही उच्चार अडू शकतात, पण लेकरू अजिबातच बोलत नाही त्याचं कारण दोरी नसते. कापायच्या आधी एकदा विचारा.

थेरपिस्ट आमच्याकडचाच पाहिजे असं काही नाही. कोणाकडेही जा पण आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, तिचा नोंदणी नंबर विचारा. विचारायला लाजू नका, खरा थेरपिस्ट रागावत नाही. बीएएसएलपी ही याची चार वर्षांची डिग्री आहे. अन् दुसरी गोष्ट पाहा ती ही की तुम्हाला आत बसू देतात का, घरी काय करायचं ते दाखवतात का. दार लावून अर्धा तास घेतला अन् लेकरू हातात दिलं, अशा ठिकाणी फार दिवस राहू नका. तीन महिन्यांत बोलतं करून देतो अशी गॅरंटी कोणी देत असंल तर तिथूनच परत या.

आम्ही आठवड्यात पाऊण तास भेटतो, बाकी सगळा वेळ लेकरू तुमच्याजवळ असते. म्हणून खरी थेरपी चुलीजवळ अन् अंगणात होते. "बोल ना, बोल, काकाला नाव सांग" हे बंद करा, त्यानं लेकरू अजून गप्प होते. भाकर देऊ का केळं, असं विचारा अन् थांबा. मनातल्या मनात दहा आकडे मोजा. आमच्याकडे एक आजी नातवाला घेऊन येत होती, अडीच वर्षांचा, सगळं बोटानंच. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल त्याला लई आवडायचा, आजीनं तो आपल्या तोंडाजवळ धरला, "बैल" म्हणाली अन् गप्प बसली. पोरगा बैलाकडे पाहे, आजीच्या ओठाकडे पाहे. आई मधात बोलायला लागली तर आजीनं हातानंच थांबवलं. अन् पोरगा म्हणाला "बै". आजीनं लगेच बैल देऊन टाकला, "हो, बैल! मोठा बैल!" बस, हेच करायचं आहे. तो "बै" म्हणाला तर "नीट म्हण" नाही म्हणायचं, आपण पूर्ण शब्द बोलायचा, एक शब्द जोडायचा.

भाषा घरचीच बोला. वऱ्हाडी असो, गोंडी, कोरकू, गोरमाटी, काही बदलू नका. दोन भाषांनी लेकरू बोलायचं राहत नाही. मोबाइल मात्र जेवताना तरी दूर ठेवा, तो लेकराच्या उत्तराची वाट पाहत नाही.

पैशाचं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरबीएसकेची, म्हणजे सरकारच्या बाल आरोग्य योजनेची, टीम लेकरं तपासायला येते, ताईला तारीख विचारा, तिथून जिल्ह्याच्या डीईआयसीमध्ये, म्हणजे लहान लेकरांच्या तपासणी-उपचाराच्या सरकारी केंद्रात, पाठवतात अन् ते फुकट आहे. आमच्याकडे यायच्या आधी तिथं जाऊन आले तरी चालते. २०१६ च्या कायद्यात वाचा-भाषेचा दोष अपंगत्वात धरला आहे, गरज असंल तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढा, शिक्का बसतो म्हणून भिऊ नका. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा मतिमंदत्व असंल तर निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा विमा मिळते अन् त्यात थेरपीचा खर्चही येते.

सोयाबीन सोंगणीत, कापूस वेचणीत येणं जमत नाही हे आम्हाला माहीत आहे. न सांगता बंद करू नका, फोन करा, तेवढे दिवस घरचं काम लिहून देऊ अन् व्हिडिओ पाहून सांगू.

पहिल्या दिवशी येताना जन्माच्या वेळचे कागद, लसीकरणाचं कार्ड, आधीच्या तपासण्या असतील त्या आणा. घरी खेळतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून आणा, नव्या जागी लेकरू बोलतच नाही. अन् त्याचं एक आवडतं खेळणं, तुटकं असलं तरी चालते.