संत्रा उन्हात टिकला अन् पावसात गळाला, असं काहून?

मागच्या पावसाळ्यात वरूडजवळ काकाजींच्या बगीच्यात गेलो तर झाडांखाली हिरव्या संत्र्यांचा नुसता सडा. आंबिया बहाराची (म्हणजे हिवाळा सरता सरता येणाऱ्या फुलांची) फळं, लिंबाएवढी झालेली. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तेव्हा जेवढी गळाली नाहीत तेवढी आठ दिवसांत गळाली होती. "पाणी नव्हतं तं टिकली ना बाप्पा, अन् पाणी आलं तं गळाली, हे नजर नाही तं काय हाये?" असं काकाजी म्हणाले, आणि धुऱ्यावरच्या झाडाला काळी बाहुली टांगून मोकळे झाले. बाहुलीला मी हसलो, पण सवाल डोक्यात बसला, कारण सवाल बरोबर होता. तीन आठवडे थेंब नाही, मग दोन रात्री धो धो, आळ्यात पाणी तुंबलेलं. तहानलेल्या झाडाला पाणी मिळालं तर त्यानं फळ धरून ठेवायला पाहिजे ना?

आधी हे लक्षात घ्या की फळ तुटत नसते, झाड ते सोडते. देठाजवळ पेशींचा एक पातळ थर असतो. फळातून ऑक्झिन नावाचं हार्मोन देठातून फांदीकडे येत राहते तोवर हा थर गप्प असतो. ऑक्झिन कमी पडलं आणि इथिलीन वाढलं (हा तोच वायू, जो माचात आंबे पिकवतो) की त्या थरातल्या पेशी अशी एन्झाइम्स तयार करतात की पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळते, आणि मग वारा असो नसो, फळ खाली.

आता खरी मजा. इथिलीन येते कुठून? मिथिओनिन नावाच्या अमिनो आम्लापासून एसएएम, त्यापासून एसीसी, आणि एसीसीपासून इथिलीन. मधली ही एसीसीची कडी अ‍ॅडम्स आणि यांग या दोघांनी १९७९ मध्ये दाखवली. नावं विसरलात तरी चालेल, फक्त एसीसी तेवढं ध्यानात ठेवा, तो कच्चा माल आहे, आणि त्याचं इथिलीन व्हायला ऑक्सिजन लागतो.

१९९२ मध्ये स्पेनच्या दोन शास्त्रज्ञांचा एक प्रयोग छापून आला, क्लिओपात्रा नावाच्या संत्रावर्गीय रोपांवर केलेला. रोपांचं पाणी तोडलं. मुळांमध्ये एसीसी साठत गेलं, पण पानं गळाली नाहीत, कारण खालून वर माल न्यायला पाण्याचा प्रवाहच नव्हता. मग पाणी दिलं, आणि तेव्हा एसीसी पाण्यासोबत वर चढलं, पानांत त्याचं इथिलीन झालं आणि पानं गळाली. म्हणजे कोरड पडली तेव्हाच मुळांच्या गोदामात माल भरून ठेवला होता, गाडी मात्र पाऊस आल्यावर सुटली! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा काकाजींना फोनच लावला. त्यांनी अर्ध्यातच "जेवून घे" म्हणून ठेवून दिला, ते वेगळं.

हा प्रयोग रोपांच्या पानांवरचा होता हे मान्य, पण लहान फळांच्या देठातही एसीसी आणि इथिलीनचाच कारभार चालतो. त्यात आपली काळी भारी जमीन. पाणी तुंबलं की मातीतली हवा निघून जाते, मुळांना ऑक्सिजन नाही, म्हणजे तिथं एसीसीचं इथिलीन होत नाही आणि कच्चा मालच वर जातो, जिथं ऑक्सिजन भरपूर आहे. हे टमाट्याच्या झाडावर फार आधीच दिसून आलंय. म्हणजे पावसाच्या खंडानंतर मुसळधार आणि वरून तुंबलेलं पाणी, संत्र्याला दुहेरी मार.

क्लायमेट चेंज इथं येते. हवा एक डिग्रीनं तापली की ती साधारण ७ टक्के जास्त वाफ धरू शकते, मग पडते तेव्हा एकदम पडते. २००६ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी १९५१ ते २००० चा मध्य भारतातला पावसाळा तपासला, तर अतिवृष्टीच्या घटना वाढलेल्या आणि मध्यम पावसाच्या कमी झालेल्या, पण एकूण पाऊस जवळपास तेवढाच. म्हणून कागदावर सरासरी गाठलेली दिसते आणि बगीच्यात सडा पडलेला असतो. हिवाळ्यातही तेच, आंबियासाठी झाड ताणावर सोडलेलं (म्हणजे फुलं यावीत म्हणून पाणी तोडलेलं) असताना अवकाळी पाऊस आला की फुलांऐवजी नवती, म्हणजे कोवळी पालवी, फुटते.

पण प्रत्येक गळ क्लायमेट चेंजच्या नावावर खपवू नका. रस शोषणारे पतंग आहेत, बुरशी आहे, आणि झाड तसंही बहुतेक फुलं-फळं स्वतःहून टाकतेच, शंभर फुलांतली पाच-सात टिकली तरी लय झाली. कृषी केंद्रात "गळ शंभर टक्के बंद" लिहिलेली टॉनिकची बाटली दिसली तर आत काय आहे ते आधी वाचा. गळ थांबवायला २,४-डी फवारतात ते ऑक्झिनसारखं काम करते म्हणून, पण तेच जास्त प्रमाणात तणनाशक आहे, आणि शेजारच्या कपाशीवर उडालं तर तिची पानं भेंडीच्या पानासारखी होतात, मग धुऱ्यावर भांडणं.

काकाजींनी यंदा दोन ओळींच्या मधून चर पाडले, पाणी उताराला काढून दिलं. खंड पडला की ठिबक थोडं थोडं चालू ठेवायचं ठरलंय, म्हणजे मुळं एवढी कोरडी पडणारच नाहीत, पण ते बोरला पाणी असेल तर, आणि आमच्या भागात बोर किती खोल गेलेत ते काय सांगावं. बाहुली आहे तिथंच आहे. काढा म्हटलं तर म्हणतात, "राहू दे ना, तिले काय पानी लागते का खत?"