वॉटर लिली घरी नेण्याआधी आणि नेल्यावर
आमच्या रोपवाटिकेच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

रोप घ्यायला आलात की आम्ही आधी रंग विचारत नाही, ऊन विचारतो. जिथे टब किंवा हौद असणार आहे तिथे थेट ऊन किती तास पडतं? पाच-सहा तास पडत असेल तर पुढचं बोलू. तीन तासच असेल तर पानं येतील, तीही लांबुडक्या देठांची, पण फुलांची वाट बघत बसावं लागेल. अशा जागेसाठी लिली विकायला आम्हाला आवडत नाही.

ऊन अंदाजाने सांगू नका. सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून दर तासाला त्या जागेवर नजर टाका. इमारतीतल्या पूर्वेच्या गॅलरीत ऊन छान वाटतं, पण बहुतेक वेळा साडेदहा-अकराला ते कठड्याबाहेर गेलेलं असतं. उत्तरेच्या गॅलरीची आणखी एक गंमत आहे. मे-जूनमध्ये सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला सरकतो, तेव्हा तिथे ऊन दिसतं आणि माणूस फसतो. दिवाळीनंतर तेच ऊन गायब होतं. गच्ची, अंगण, बंगल्याची दक्षिण किंवा पश्चिम बाजू या खात्रीच्या जागा.

कोणती लिली घ्यावी

पुष्कळ जण 'कमळ द्या' म्हणून येतात आणि त्यांच्या मनात असते ती लिली. पान बघितलं की फरक कळतो. कमळाचं पान गोल, अखंड असतं आणि पाण्याच्या वर दांड्यावर उभं राहतं. लिलीचं पान पाण्यावर पसरतं आणि त्याला देठापर्यंत चीर असते. कमळाला मोठं भांडं लागतं, त्याचा कंद चिखलात धावत सुटतो. लहान जागेसाठी लिलीच बरी.

लिलीत आमच्याकडे दोन प्रकार मिळतात. हार्डी लिलीचा गड्डा आडवा वाढतो, पानाची कड गुळगुळीत असते आणि फूल पाण्यावर टेकून किंवा जरासं वर येतं. ट्रॉपिकल लिलीचा कंद उभा आणि सुपारी-अक्रोडाएवढा असतो, पानाची कड दातेरी असते, फूल पाण्याच्या वीतभर वर उभं राहतं आणि बहुतेकांना सुवास असतो. निळा-जांभळा रंग हवा असेल तर ट्रॉपिकलच घ्या. हार्डीत निळा रंग आणायला जगभरच्या हौशी लोकांनी शंभरावर वर्षं खटपट केली. तो आला २००७च्या सुमाराला, थायलंडमध्ये. आपल्याकडे ती रोपं महाग पडतात आणि त्यांच्या जांभळ्या रंगाला ट्रॉपिकलच्या निळ्याची सर येत नाही, असं आमचं मत आहे.

पहिल्यांदाच लावत असाल तर 'डॉबेन' न्या. १८६०च्या दशकात ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानात तयार झालेली ही फिकट निळी जात अजून कुणाला हटलेली नाही. लहान टबात फुलते, ऊन थोडं कमी असलं तरी रागावत नाही, आणि पानाच्या मध्यावर, जिथे देठ चिकटतो तिथे, आपोआप पिल्लू रोप धरते. पान जुनं झालं की ते पिल्लू काढून दुसऱ्या भांड्यात लावायचं. हार्डीत 'कोलोराडो' (अमेरिका, १९९४) आणि थायलंडची 'वानविसा' या दोन जाती आपल्या उन्हाळ्यात टिकतात. वानविसाच्या लालसर पाकळ्यांवर पिवळे शिंतोडे असतात आणि दोन फुलं सहसा सारखी नसतात. एखादं फूल तर अर्धं एका रंगाचं, अर्धं दुसऱ्या रंगाचं येतं. रोगट समजून ते खुडू नका.

युरोपातल्या जुन्या जातीही कुणी कुणी मागतात. फ्रान्समधल्या लातूर-मार्लियाक या माणसाने १८७५मध्ये रोपवाटिका काढून हार्डी लिलींचे पिवळे-लाल संकर तयार केले, चित्रकार मोने यांच्या तळ्यातली रोपं त्याच्याकडूनच गेली. त्याच्या काही जाती आजही सुंदर दिसतात, पण थंड प्रदेशातल्या. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात लहान टबातलं पाणी कोमट होतं तेव्हा त्या मान टाकतात.

आता नोकरदारांसाठी. दिवसा फुलणाऱ्या लिली सकाळी आठ-नऊला उमलतात आणि दुपारी तीन-चारला मिटतात. घरातून आठला निघून सातला परतणाऱ्याला फूल फक्त रविवारी दिसणार. तुम्ही रात्री फुलणारी लिली घ्या. आपल्या तळ्यांतलं पांढरं-तांबडं कुमुद याच गटातलं. ते दिवस मावळल्यावर उमलतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ-दहापर्यंत उघडं असतं. चहाच्या वेळी दोन्हीकडून दर्शन होतं. कोणतंही फूल साधारण तीन-चार दिवस उघडमीट करतं आणि मग पाण्याखाली जातं.

भांडं

रोपासाठी सोळा-अठरा इंचांचं प्लास्टिकचं घमेलं सगळ्यात सोयीचं. बुडाला भोक नको. खोल कुंडीपेक्षा पसरट घमेलं चांगलं, कारण हार्डीचा गड्डा आडवा चालतो. हे घमेलं मोठ्या टबात किंवा हौदात ठेवायचं. बाहेरचा टब किमान अडीच-तीन फूट व्यासाचा आणि दीड फूट खोल असावा.

गच्चीवर ठेवणाऱ्यांनी वजनाचा विचार जरूर करावा. तीन फूट व्यासाच्या दीड फूट खोल टबात सुमारे तीनशे लिटर पाणी बसतं, म्हणजे तीनशे किलो. त्यात चिखल वेगळा. टब बीमवर किंवा भिंतीलगत ठेवा, स्लॅबच्या मधोमध नको. जुन्या इमारतीत आधी इंजिनिअरला विचारा.

सिमेंटचा नवा हौद असेल तर लगेच रोप लावू नका, मासे तर मुळीच सोडू नका. सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो. हौद भरून सात-आठ दिवस ठेवा, रिकामा करा, पुन्हा भरा. असं दोन-तीनदा. केळीच्या खांबाचे तुकडे पाण्यात कुजत टाकायची जुनी रीत आहे, तीही आम्ही वापरतो. वास येतो, पण शेवटी पाणी काढूनच टाकायचं असतं.

घरात लहान मूल असेल तर हौदावर जाळी बसवल्याशिवाय पाणी भरू नका. रांगत्या मुलाला वीतभर पाणीसुद्धा धोक्याचं असतं.

माती: इथेच बहुतेकांचं चुकतं

कुंडीसाठी मिळणारं तयार मिश्रण लिलीला चालत नाही. कोकोपीट तरंगतं, गांडूळखत पाण्यात विरघळून पाणी हिरवं करतं, पालापाचोळ्याचं खत कुजून दुर्गंधी सोडतं. लिलीला साधी, जड, चिकट माती हवी. शेतातली काळी माती उत्तम. तळ्याचा गाळ मिळाला तर फारच छान. ओली माती मुठीत दाबून लाडू वळता आला आणि तो फुटला नाही की समजा जमलं. कोकणातल्या मंडळींनी नुसती जांभ्याची लाल माती घेऊ नये, ती भुकेली असते. भातखाचरातली माती मिसळा. खाजणातली मात्र नको, तिच्यात मीठ असतं.

घमेल्याच्या तळाला पूर्ण कुजलेलं, वर्षभर जुनं शेणखत दोन मुठी पसरा. ओलं शेण नको. त्यावर दगड-मुळं काढलेली माती पाण्यात कालवून, चिखल करून भरा, म्हणजे आत हवेचे कप्पे राहत नाहीत. वर दोन इंच जागा सोडा.

हार्डीचा गड्डा घमेल्याच्या कडेला तिरका लावायचा, मागचं टोक कडेकडे आणि कोंब मध्याकडे, म्हणजे त्याला चालायला जागा मिळते. ट्रॉपिकलचा कंद मधोमध उभा. दोन्हींचा कोंब मातीच्या वर उघडा राहिलाच पाहिजे. गाडला की कुजतो. वर इंचभर जाड धुतलेली वाळू किंवा बारीक खडी पसरा. क्रश सँड घेतली तर पाणी नितळ येईपर्यंत धुवा, तिच्यात भुकटी फार असते.

घमेलं टबात सोडण्याआधी त्यात हळूहळू पाणी भरून माती भिजू द्या. मग दोघांनी धरून सावकाश खाली सोडा. सुरुवातीला कोंबावर सहा इंच पाणी पुरे. खाली विटा ठेवून घमेलं उचलून घ्या आणि पानं वाढतील तशा विटा काढा. हार्डीला शेवटी फूट-दीड फूट पाणी चालतं, लहान जातींना त्याच्या निम्मं.

पहिल्या आठवड्यात आमच्याकडून आलेली पानं पिवळी पडतील. हे ठरलेलं आहे. देठ बुडाशी धरून काढून टाका आणि नव्या पानांकडे लक्ष ठेवा.

पाणी बदलू नका

हे वाक्य आम्ही दुकानात पाटीवर लिहून ठेवलं आहे. नवा टब भरला की दहा-पंधरा दिवसांत पाणी हिरवं होतं. पाण्यातली पोषकद्रव्यं आणि भरपूर ऊन, दोन्ही शेवाळाला हवं तेच. लोक घाबरून सगळं पाणी उपसतात, नळाचं ताजं भरतात, त्यातून शेवाळाला पुन्हा नवं खाद्य मिळतं आणि दोन आठवड्यांनी तेच. रोप मात्र प्रत्येक वेळी हलतं. थांबा. लिलीची पानं पृष्ठभागाचा निम्म्याहून अधिक भाग झाकू लागली की खाली ऊन पोचत नाही आणि पाणी आपोआप निवळतं. उडून गेलेलं पाणी तेवढं वरून भरत राहा. तुरटी, ब्लीचिंग पावडर, मोरचूद यांतलं काहीही टाकू नका. मोरचुदाने शेवाळाबरोबर मासेही मरतात.

बोअरचं पाणी जड असेल तर पानांवर पांढरा थर बसतो. दिसायला वाईट, पण रोप मरत नाही. पावसाचं पाणी साठवता आलं तर ते वापरा.

हौदात कारंजं हवंच असेल तर लिलीपासून लांब, दुसऱ्या टोकाला. लिलीच्या पानाची श्वासरंध्रं वरच्या बाजूला असतात. त्यावर सतत तुषार पडले तर पान कुजतं. वाहतं पाणीही तिला मानवत नाही. कारंजं आणि लिली यांतलं एकच निवडायचं झालं तर आमचं मत तुम्हाला माहीत आहे.

डास

सोसायटीत टब ठेवलात की पहिला आक्षेप हाच येणार, आणि तो रास्त आहे. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं. लिलीचा टब दर आठवड्याला कोरडा करता येत नाही, तेव्हा त्यात मासे हवेतच. पाच-सहा गप्पी एका टबाला पुरतात, त्या स्वतःच वाढतात. अनेक ठिकाणी पालिकेचा हिवताप विभाग गप्पी फुकट देतो. माशांना वरून खाऊ घालू नका, नाहीतर ते अळ्या कशाला खातील? नळाचं पाणी भरल्यावर एक दिवस उघडं ठेवून मगच मासे सोडा, क्लोरिन उडून जातो. कोई मासे लिलीबरोबर ठेवू नका, ते कोवळी पानं खातात आणि माती उकरतात.

जास्त झालेल्या गप्पी किंवा रोपं ओढ्यात, नदीत, तळ्यात सोडू नका. पाषाण तलाव, रंकाळा, पवई इथे जलपर्णीने काय केलं ते आपण पाहिलं आहे. जलपर्णी आम्ही विकत नाही, कितीही सुंदर फुलली तरी.

खत, ऋतू आणि बाकीचं

लिली खादाड आहे. फुलं लहान आणि कमी यायला लागली की भूक लागली समजा. मार्च ते सप्टेंबर महिन्यातून एकदा १०:२६:२६ चं दाणेदार खत एक लहान चमचा, वर्तमानपत्राच्या कागदात पुडी बांधून, कोंबापासून दूर, मातीत चार इंच खोल खुपसा. पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ वरून टाकू नका, ते शेवाळाचंच खाद्य होतं. हिवाळ्यात खत बंद.

लावायला फेब्रुवारी-मार्च सर्वांत चांगला. पावसाळ्यात ढगांमुळे फुलं कमी होतात, त्यात रोपाचा दोष नाही. टबाला वरच्या कडेला जाळी लावलेलं एक भोक ठेवा, म्हणजे जास्तीचं पाणी जातं आणि मासे राहतात. पुणे-नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत ट्रॉपिकल लिली आकसते, पानं तळहाताएवढी होतात, कधी सगळीच जातात. मेली म्हणून घमेलं ओतून टाकू नका. कंद जिवंत असतो, ऊन तापलं की फुटतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात लहान टबावर दुपारी हिरवी जाळी धरा.

मावा दिसला तर पाइपने पाण्याचा जोर मारून पानावरून पाडा, मासे खातील. मासे असलेल्या टबात कीटकनाशक फवारू नका, कडुलिंबाचं तेलसुद्धा नको. हार्डीचा गड्डा वर्ष-दीड वर्षात घमेल्याच्या कडेला येऊन थडकतो. तेव्हा बाहेर काढून कोंबाकडचा चार-पाच इंचांचा तुकडा ठेवा, उरलेला कापून टाका, माती नवी भरा. तुकडा दाबून मऊ लागला किंवा कुजका वास आला तर तो ठेवू नका.

आमच्याकडून काय मिळेल

नेताना रोप ओल्या वर्तमानपत्रात आणि पिशवीत बांधून देतो, सावलीत ठेवलं तर दोन दिवस टिकतं. गाडीच्या काचेमागे उन्हात ठेवून जेवायला थांबू नका. लावल्यापासून एका महिन्यात नवं पान आलं नाही, तर कंद तसाच काढून घेऊन या. तपासून दुसरं रोप देऊ. जुनी पानं पिवळी पडणं किंवा पाणी हिरवं होणं या कारणांसाठी रोप बदलून मिळणार नाही. मासे, टब, घमेली आम्ही ठेवतो, पण माती विकत नाही. गावाकडून येताना एक पोतं आणा, ती आमच्यापेक्षा चांगली असेल.