त्रिकोण मिटत का नाही?

स्क्रॅच ही मुलांसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा; तिच्यात सूचनांचे तयार ठोकळे, म्हणजे ‘ब्लॉक’, जोडून पडद्यावरच्या मांजराला चालवता येतं. तिच्यात पहिल्यांदाच त्रिकोण काढायला बसलेलं मूल बहुधा 60 हा आकडा टाकतं. समभुज त्रिकोणाचा कोन 60 अंशांचा, हे शाळेत शिकलेलं असतं. ‘100 पावलं चाल, 60 अंश वळ’ असं तीनदा करायला सांगितलं की पडद्यावर येतो अर्धा षटकोन. त्रिकोण मिटतच नाही.

कारण पेन घेऊन चालणारं मांजर त्रिकोणाच्या आतला कोन मोजत नाही. ते सरळ चाललेलं असतं आणि कोपऱ्यावर त्या दिशेपासून वळतं. हे वळण 120 अंशांचं हवं. पूर्ण फेरी मारून तोंड पुन्हा मूळ दिशेला आलं की एकूण 360 अंश वळून झालेलं असतं. 3 × 120 = 360. तेच 60 अंश सहा वेळा वळलं की षटकोन पुरा होतो.

ही कल्पना स्क्रॅचहून बरीच जुनी. 1967 मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिज इथे वॉली फॉयर्झाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा तयार केली. तिच्यातलं कासव असंच चालायचं, वळायचं. आधी जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्यासोबत काम केलेल्या पॅपर्टना वाटे, की मुलानं स्वतःला कासवाच्या जागी ठेवून विचार करावा. अडलेल्या मुलाला जमिनीवर त्रिकोण चालून बघायला सांगावं, ते याचसाठी.

इथे पाढे उलटे चालतात. उत्तर आधीच ठरलेलं आहे, 360; शोधायची ती जोडी. 4 आणि 90, 5 आणि 72, 8 आणि 45. 360 ला तब्बल 24 विभाजक आहेत, त्यामुळे पुष्कळ आकृत्या सहज जमतात. सप्तकोनाला मात्र गाडी अडते. 51 घेतले तर 357, तीन अंश कमी. 52 घेतले तर 364. या टप्प्यावर मोठ्यांनी गप्प राहावं, असं मला मनापासून वाटतं. आकडे बदलून दमलेलं मूल कधीतरी ‘360 भागिले 7’ हेच ब्लॉकमध्ये लिहितं आणि तेव्हा त्याला भागाकाराची गरज खरोखर पटलेली असते. पंचकोनाचे 72 दुप्पट करून 144 केले, तर पाच टोकांची चांदणी उमटते: 5 × 144 = 720, म्हणजे दोन पूर्ण फेऱ्या.

मग लूपच्या, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या सूचनेच्या, आत लूप. चौरस काढून 30 अंश वळायचं, असं बारा वेळा. मोजके ब्लॉक, पण रेषा 12 × 4, म्हणजे 48, आणि चौरसांचं फूल तयार.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो -1 ने केलेला गुणाकार. मूल चेंडूचा खेळ बनवतं. चेंडूचा ‘वेग’ 5. भिंतीला लागला की वेगाला -1 ने गुणायचं: -5, चेंडू मागे फिरतो. समोरच्या भिंतीवर पुन्हा -1 ने गुणलं की पुन्हा 5. ‘ऋण गुणिले ऋण म्हणजे धन’ हा नियम वर्गात पाठ करण्याआधीच मुलानं तो घडताना पाहिलेला असतो. स्क्रॅच आठ वर्षांपासूनच्या मुलांसाठीच बनवलेलं आहे. त्यातल्याच कुणीतरी -1 च्या जागी -0.9 टाकून बघतं. चेंडू दर टप्प्याला थोडा मंदावतो आणि सातव्या टप्प्यानंतर त्याचा वेग निम्म्याहून कमी होतो.