विद्युत लिकेंबे

मध्य आफ्रिकेतील लिकेंबे या वाद्याला चुंबक, ध्वनिवर्धक व कर्णे जोडून घडवलेले रूप, तसेच त्याभोवती किन्शासा (काँगो लोकशाही प्रजासत्ताक) येथे वाढलेली वृंदवादनाची रीत. लिकेंबे म्हणजे कोरून पोकळ केलेले लाकडी खोके व त्यावर बसवलेल्या धातूच्या पट्ट्या. त्या अंगठ्यांनी छेडतात. भारतात कलिंबा नावाने विकले जाणारे वाद्य याच कुळातले.

या कुळाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. पोर्तुगीज डोमिनिकन धर्मगुरू जुआंव दुश सांतुश यांनी १५८६ च्या सुमारास आग्नेय आफ्रिकेत नऊ लोखंडी पट्ट्यांचे ‘अंबिरा’ पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. पुढे हे धर्मगुरू गोव्यातही आले. संगीत-अभ्यासक अँड्र्यू ट्रेसी यांनी १९७२ मध्ये झांबेझी नदीच्या खोऱ्यातील आठ पट्ट्यांचा कलिंबा हे मूळ वाद्य मानले. संगीत-अभ्यासक गेरहार्ड कुबिक यांच्या मते मात्र लिकेंबे हा स्वतंत्र प्रकार काँगो नदीच्या खालच्या भागात आकाराला आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हमाल व वसाहतींतील नोकरचाकरांबरोबर नदीच्या वरच्या अंगाला पसरला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तो युगांडात पोहोचला असावा. दूरच्या प्रदेशांतही वाद्याचे नाव व खोक्याची घडण फारशी बदललेली नाही. त्यामुळे लिकेंबेपुरते कुबिक यांचे मत अधिक पटते.

विद्युतीकरणाचे श्रेय बहुधा मावांगू मिंगिएदी (सु. १९३०–२०१५) यांना दिले जाते. ते काँगो-अंगोला सीमेवरील बाझोंबो समाजाचे, व्यवसायाने ट्रकचालक. त्यांच्या ‘कोनोनो नंबर १’ या वृंदाची स्थापना १९६० च्या दशकातील मानतात. तथापि पक्का आधार १९७८ च्या ध्वनिमुद्रणाचाच आहे. ते १९८० च्या दशकात फ्रान्सच्या ओकोरा संस्थेने किन्शासाच्या नागर संगीताच्या संकलनात प्रसिद्ध केले.

बाझोंबोंच्या विधिसंगीतात हस्तिदंती शिंगांचा ताफा असे. प्रत्येक शिंगातून मोजकेच स्वर निघत आणि सर्वांच्या गुंफणीतून धून उभी राही. ही गुंफण मिंगिएदींनी लिकेंबेवर आणली. पण शहराच्या गोंगाटात ते नाजूक वाद्य ऐकू येईना. तेव्हा मोटारींच्या भंगारातील चुंबक व तांब्याची तार वापरून ध्वनिग्राहक तयार झाले. पट्टी कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते व तारेच्या वेटोळ्यात क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो; तो वाढवून कर्ण्यांकडे धाडतात. या कर्ण्यांना ‘लाँस-व्वा’, म्हणजे आवाज फेकणारे, असे फ्रेंच नाव आहे. मंद्र, मध्य व तार अशा तीन सप्तकांची तीन लिकेंबे, ढोल, शिट्ट्या आणि भंगारातून व भांड्यांतून केलेली तालवाद्ये असा संच असतो.

कर्ण्यातून आवाज फाटतो. पाश्चात्त्य समीक्षकांनी या फाटण्याची तुलना रॉक व इलेक्ट्रॉनिक संगीताशी केली. पण पट्ट्यांभोवती बारीक कड्या गुंडाळून स्वराला मुद्दाम झणझणाट देण्याची रीत आफ्रिकी पट्टीवाद्यांत फार जुनी आहे. फाटलेला आवाज आधी ठरवलेला नव्हता, तरी तो कानाला परका वाटला नाही, याचे कारण या रीतीत शोधणे अधिक सयुक्तिक होय.

बेल्जियन निर्माते व्हँसाँ केनिस यांनी १९७८ चे मुद्रण रेडिओवर ऐकले होते. दीर्घ शोधानंतर २००० मध्ये त्यांना हा वृंद सापडला. त्यांनी केलेली मुद्रणे क्रॅम्ड डिस्क्स या ब्रसेल्सच्या संस्थेने ‘काँगोट्रॉनिक्स’ नावाने काढली, आणि याच मालिकेतून कासाई ऑलस्टार्स हा वृंदही पुढे आला. त्यात लुबा, सोंग्ये, लुलुआ, तेतेला व लुंतू अशा पाच समाजांचे सुमारे पंचवीस कलावंत आहेत. आइसलँडच्या गायिका ब्यॉर्क यांनी २००७ च्या अल्बमासाठी कोनोनोचे वादन घेतले. मिंगिएदींच्या निधनानंतर, २०१६ मध्ये, अंगोलात जन्मलेले लिस्बनचे संगीतकार बातीदा यांच्यासोबत वृंदाचा अल्बम निघाला.